परक्या भाषेतला आप्त

इंटरनेटवरून परदेशात माल विकणारा व्यापारी अनुवादक नेमतो, तेव्हा ज्या कामाचे पैसे तो मोजतो ते काम त्याला स्वतःला वाचता येत नाही. सुतारकामातले ओ की ठो कळत नसले तरी खुर्ची डगमगते की नाही हे बसून समजते. जर्मन न येणाऱ्यापुढे जर्मन मजकूर ठेवला तर त्याला अक्षरांखेरीज काही दिसत नाही. पलीकडच्या टोकाला गिऱ्हाईक असते. त्याच्यापुढे फक्त अनुवाद येतो, मूळ मजकूर त्याने पाहिलेलाही नसतो. दोन्ही टोकांना अर्धे अज्ञान, आणि दोन्ही बाजू दिसणारा माणूस मध्ये एकटा. त्याच्या बोलण्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा प्रश्न बाजारात नव्याने उभा राहिलेला असला तरी ज्ञानमीमांसेत तो फार जुना आहे. शब्द हे प्रमाण मानावे की नाही, मानले तर कोणाचा शब्द, या वादावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके बुद्धी खर्च केली, आणि ती आजच्या या व्यवहारातही कामी येते.

प्लेटोच्या ‘कार्मिडीज’ या संवादात सॉक्रेटिसने हा पेच नेमका मांडला आहे. खरा वैद्य आणि वैद्यकीचा आव आणणारा यांतला फरक ओळखायचा तर ओळखणाऱ्याला वैद्यक यावे लागते. मग ज्याला ते येत नाही त्याने निवड कशी करायची? अमेरिकी तत्त्वज्ञ अॅल्विन गोल्डमन यांनी २००१ साली एका निबंधात सामान्य माणसाला उपलब्ध असलेले पाच आधार सांगितले: तज्ज्ञाने स्वतः केलेला युक्तिवाद, इतर तज्ज्ञांची सहमती, तज्ज्ञांची परीक्षा घेणाऱ्यांनी दिलेली मान्यता, तज्ज्ञाचे हितसंबंध, आणि त्याची आजवरची कामगिरी. यांतला एकही आधार स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, हे गोल्डमनही जाणून होते. पण न्यायदर्शनाची मांडणी याहून खोल जाते, कारण ती खुणांपासून सुरू न होता माणसापासून सुरू होते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यानंतर शब्द हे चौथे प्रमाण येते, आणि आप्ताचा उपदेश असे त्याचे लक्षण केलेले आहे. हा आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट केले. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे पुढे तो सांगतो. ज्या परंपरेत शब्दप्रामाण्याचा विचार वेदापाशी येऊन ठेपतो, तिथे परदेशी परभाषिकालाही आप्त होण्याची वाट मोकळी ठेवणे ही मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या अध्यायाच्या भाष्यात वात्स्यायन आप्तपणाच्या तीन बाजू मांडतो: विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्रांविषयी दया, आणि आहे तसे सांगण्याची इच्छा. अनुवादक शोधणारा बाजार यांतली पहिली बाजू कशीबशी तपासतो. बाकीच्या दोन तो विचारातच घेत नाही, आणि अनर्थ बहुधा तिथेच होतो.

साक्षात ज्ञान कशाचे हवे, इथपासूनच गफलत सुरू होते. सांगलीची हळद जर्मनीतल्या घरांत विकू पाहणारा विक्रेता जर्मन उत्तम येणारा माणूस शोधतो. पाकिटावर मराठीत ‘सर्दी-खोकल्यावर गुणकारी’ असे लिहिलेले असते, आणि उत्तम जर्मन येणारा माणूस ते उत्तम जर्मनमध्ये आणून देतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नमाहितीविषयक नियमानुसार खाद्यपदार्थाला रोग बरा करण्याचा गुण चिकटवता येत नाही; आरोग्यविषयक दाव्यांसाठी २००६ चा वेगळा नियम आहे आणि मंजूर झालेले दावेच करता येतात. हळदीऐवजी मिश्र मसाला असेल तर अॅलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांपैकी त्यात जे असतील ते घटकांच्या यादीत उठून दिसावे लागतात. दुकान ऑनलाइन असेल तर गिऱ्हाइकाला १४ दिवसांत खरेदी मागे घेण्याचा जो हक्क सर्वसाधारणपणे असतो, तो त्याला नीट सांगावा लागतो. हे सारे ठाऊक असलेला अनुवादक त्या ओळीपाशी थांबतो आणि विक्रेत्याला विचारतो. भाषेचे ज्ञान दोघांचे सारखेच असेल. पण पाकीट कोणत्या कायद्याखाली, कोणत्या फडताळावर ठेवले जाणार याचे साक्षात ज्ञान एकालाच आहे. म्हणून मजकूर हातात पडल्यावर अनुवादक काय विचारतो हा त्याच्या योग्यतेचा फार बोलका पुरावा ठरतो, आणि भाषा न येणाऱ्या विक्रेत्यालाही तो वाचता येतो. शंभर ओळींच्या तांत्रिक मजकुरावर एकही शंका न काढणाऱ्याला दुसरे काम देताना विचार करावा.

असे लोक सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जर्मनीतील दुभाषी व अनुवादकांचा संघ, १९५९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशन, ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशन अँड इंटरप्रिटिंग यांच्या सभासद-सूची भाषा आणि विषय या दोन्ही अंगांनी चाळता येतात. ऑस्ट्रेलियात १९७७ पासून राष्ट्रीय पातळीवर अनुवादकांना प्रमाणित केले जाते. अशा प्रमाणपत्रांचे मोल ते देणाऱ्याने परीक्षा किती कसून घेतली यावर अवलंबून असते. म्हणजे एका आप्ताच्या खात्रीसाठी दुसरा आप्त, आणि मालिका लांबत जाते. मराठीतून थेट जर्मन किंवा जपानीत व्यापारी मजकूर नेणारी माणसे मोजकीच, त्यामुळे बहुतेक वेळा मध्ये इंग्रजी येते. इथे भारतीय दार्शनिकांनी जिला अंधपरंपरा म्हटले तिचा धोका असतो: एका आंधळ्याने दुसऱ्याचा हात धरावा आणि त्याने तिसऱ्याचा. मधली इंग्रजी चुकलेली असेल तर जर्मन अनुवादक ती चूक अत्यंत प्रामाणिकपणे पुढे नेतो. महाराष्ट्रात यावर एक चांगला उपाय आहे, आणि त्याचा उपयोग फारच कमी होतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांच्यामुळे जर्मन आणि जपानी शिकलेल्या मराठी माणसांची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. मजकूर लिहायचा जर्मन मातृभाषा असलेल्या विषयतज्ज्ञाने, आणि मूळ मराठीशी तो ताडून पाहायचा अशा पुणेकराने. म्हणजे साखळीची दोन टोके पुन्हा एकमेकांना भेटतात.

आता परीक्षेचा प्रश्न. न्यायसूत्रांत वेदाच्या प्रामाण्यासाठी दिलेला युक्तिवाद इथे उपयोगी पडतो. मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ इथेच पडताळता येते. ते खरे ठरते. ते सांगणारे आप्त आहेत. म्हणून त्याच आप्तांचे जे सांगणे पडताळता येत नाही तेही प्रमाण मानावे, असा तो युक्तिवाद. वेदापुरता तो कोणाला पटेल, कोणाला नाही. त्याची घडण मात्र अनुवादकाच्या चाचणीची आहे. ज्याचे उत्तर आधीच खात्रीने माहीत आहे असा तुकडा द्यायचा, तो नीट उतरला तर न वाचता येणाऱ्या उरलेल्या मजकुरावर विश्वास टाकायचा. या अनुमानाला एकच अट आहे: पडताळलेला आणि न पडताळलेला भाग एकाच जातीचे हवेत. जाहिरातीचा परिच्छेद सुरेख केला म्हणून कराराची कलमे सुरेख होतील असे निघत नाही. चाचणीसाठी सर्वांत अवघड पान निवडावे, आणि त्या कामाचे पैसे द्यावेत. फुकट मागितलेल्या नमुन्यात अनुवादकाचे ज्ञान कमी आणि त्याची गरज जास्त दिसते.

चाचणीचा दुसरा लोकप्रिय मार्ग उलट्या अनुवादाचा. जर्मन झालेला मजकूर तिसऱ्याकडून किंवा यंत्राकडून पुन्हा इंग्रजीत आणवून मुळाशी जुळतो का पाहणे विक्रेत्यांना फार आवडते, कारण निकाल आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत लागतो. पण ही परीक्षा वाईट अनुवादाला झुकते माप देते. शब्दाला शब्द ठेवून केलेला बेंगरूळ अनुवाद उलटा फिरवला की हुबेहूब मूळ परत येते. तिथल्या वाचकासाठी वाक्य मोडून पुन्हा घडवणाऱ्या चांगल्या अनुवादकाचा मजकूर परतताना बदललेला दिसतो आणि तोच दोषी ठरतो. औषधाच्या चाचण्यांतील प्रश्नावल्यांसारख्या मजकुरात या पद्धतीचा उपयोग होतो, कारण तिथे फरक सापडल्यावर दोन्ही भाषा जाणणारे लोक बसून त्याची चर्चा करतात. चर्चेविना ती फसवी आहे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नसेल तर एकापेक्षा अधिक डोळे असावेत, हा विचार धर्मग्रंथांच्या अनुवादांत फार आधी पक्का झाला. हिब्रू शास्त्राचा ग्रीक अनुवाद ७२ वडीलधाऱ्या पंडितांनी अलेक्झांड्रियात केला अशी कथा आहे. तिच्या जुन्या रूपात हे पंडित एकमेकांचे मसुदे ताडून एकमत करतात. पहिल्या शतकातील फिलोच्या वर्णनात मात्र प्रत्येकजण ईश्वरी प्रेरणेने लिहितो आणि सर्वांचे शब्द जुळतात. तालमुदात तर ते वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात. कथेचा हा प्रवास विचार करण्यासारखा आहे. परभाषेतला ग्रंथ स्वीकारू पाहणाऱ्या समाजाला चर्चेने झालेले एकमत पुरेसे वाटले नाही. परस्परांशी न बोललेल्या साक्षीदारांची जुळणी त्याला अधिक भक्कम वाटली, आणि ती मानवी प्रयत्नांनी मिळत नाही म्हणून तिला चमत्काराचा आधार लागला.

चिनी बौद्धांनी चमत्काराऐवजी व्यवस्था उभारली. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीव चांगआन येथे राजाश्रयाने सूत्रांचे अनुवाद करू लागला तेव्हा शेकडो भिक्षू त्या सभांना बसत. तो मूळ ग्रंथ समजावून सांगे, अर्थावर वाद होई, मग मजकूर ठरे. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतातून परतला. पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा तो हाच. त्याच्या अनुवादशाळेत मूळ वाचणारा, अर्थ तपासणारा, उतरवून घेणारा आणि भाषा घोटणारा अशी वेगवेगळी माणसे होती, आणि तिथून १,३०० हून अधिक गुंडाळ्यांचा मजकूर बाहेर पडला. आज अनुवादसेवेसाठी असलेले आयएसओ १७१०० हे २०१५ चे आंतरराष्ट्रीय मानक याच वाटेने जाते: अनुवाद करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने तो मुळाशी ताडून तपासलाच पाहिजे, ही त्याची मुख्य अट. अनुवादकाच्या पात्रतेसाठी अनुवादशास्त्राची पदवी, किंवा अन्य विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, असे पर्याय त्यात आहेत. एजन्सी निवडताना विक्रेत्याने हे मानक पाळले जाते का एवढे विचारून थांबू नये. या कामाचा दुसरा वाचक कोण, हे विचारावे. पुष्कळदा तो दुसरा वाचक कागदावरच असतो.

कुमारजीवाविषयी अशी आख्यायिका आहे की आपले अनुवाद खरे असतील तर चितेवर आपली जीभ जळणार नाही असे तो म्हणाला होता, आणि ती जळली नाही. जिभेची ही परीक्षा ज्ञानाची नाही, इच्छेची आहे. आहे तसे सांगण्याची इच्छा हा आप्ताचा गुण, आणि हितसंबंध आड आला की तो पहिल्यांदा झिजतो. न्यूझीलंडमध्ये १८४० साली वैतांगीचा तह माओरी भाषेत आणण्याचे काम मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी एका रात्रीत केले. ब्रिटिश सत्ता यावी अशी विल्यम्स यांची इच्छा होती. माओरी मसुद्यात जी सत्ता सोडून दिली गेली ती इंग्रजी मसुद्यातल्या सत्तेपेक्षा बरीच कमी आहे. दोन्ही मसुद्यांचा अर्थ ठरवणारा आणि तहाच्या भंगाच्या तक्रारी ऐकणारा आयोग १९७५ मध्ये नेमला गेला आणि त्याचे काम अजून चालू आहे. इथिओपिया आणि इटली यांच्यातील १८८९ च्या वुचाले तहाच्या सतराव्या कलमाचेही असेच झाले. अम्हारिक मसुद्याने सम्राट मेनेलिकला परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत घेण्याची मुभा दिली होती. इटालियन मसुद्याने त्याला तसे करण्यास बांधून टाकले. त्याचा शेवट १८९६ मध्ये अडुवाच्या लढाईत झाला.

म्हणून दुभाषी कोणाचा, हा प्रश्न सौदा मोठा असताना आधी सुटला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर तो चांगला माहीत होता. पोर्तुगीज गोव्यात सरकारी दुभाष्याचे पदच होते. स्थानिक हिंदू घराण्यांतील अशा मध्यस्थांचा इतिहास पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ च्या ग्रंथात उजेडात आणला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी १६७४ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा त्याच्याबरोबर कंपनीचे दुभाषी नारायण शेणवी होते. पगार कंपनीचा, भाषा आणि रीतिरिवाज दरबाराला जवळचे; अशा माणसाच्या शब्दावर दोन्ही बाजू विसंबत. आज व्हिडिओ कॉलवर वाटाघाटी होतात तेव्हा समोरच्या पक्षाने ‘आमच्याकडे इंग्रजी येणारा माणूस आहे’ म्हटले की विक्रेता निश्चिंत होतो. समोरच्या कंपनीचा नोकर सज्जन असेलही, पण नोकर तिचाच. किमती, मुदती आणि दायित्व यांची बोलणी असतील तेव्हा स्वतःचा दुभाषी असावा, त्याला विषयाची कागदपत्रे आदल्या दिवशी मिळावीत, गुप्ततेचा लेखी करार व्हावा. बोलणे चालू असतानाच भाषांतर हवे असेल तर दोन दुभाषी लागतात, कारण सुमारे अर्ध्या तासापलीकडे एका माणसाचे अवधान टिकत नाही. दुसऱ्याचे पैसे वाचवायला एकालाच तीन तास बसवणाऱ्याला तिसऱ्या तासात जे ऐकू येते ते प्रमाण मानता येत नाही.

जबाबदारी मात्र एकाच बाजूची नसते. शब्दापासून अर्थबोध होण्यासाठी नैयायिकांनी चार अटी सांगितल्या: पदांची परस्पर अपेक्षा, अर्थांची संगती, पदांचे सान्निध्य आणि वक्त्याचे तात्पर्य. संकेतस्थळाचा मजकूर अनुवादकाकडे कसा जातो ते पाहिले की या चारही अटी विक्रेताच कशा मोडतो ते दिसते. बटणांवरचे सुटे शब्द, उत्पादनांची नावे, सूचनांचे तुकडे एक्सेलच्या रकान्यांत भरून पाठवलेले असतात. कोणता तुकडा कुठे दिसणार, कोणाला उद्देशून आहे, त्याच्या आधी काय येते, याचा पत्ता नसतो. तात्पर्य अनुवादकाने अंदाजाने बसवायचे आणि चुकले की बोल त्याला लावायचा, हा अन्याय आहे. पडद्याची चित्रे, उत्पादनाचा एक नग, आजवर वापरलेल्या संज्ञांची सूची आणि शंका विचारायला एक जबाबदार माणूस, एवढे दिल्याशिवाय आप्ताकडून आप्तपणाची अपेक्षा करण्याचा हक्क विक्रेत्याला मिळत नाही.

अनुवाद चांगला झाला की नाही हे शेवटी कशावरून कळावे, याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात मतभेद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुढे आले तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात की प्रामाण्य बाहेरून ठरते, आणि त्या ज्ञानाच्या आधारे केलेली कृती सफळ झाली की ते सिद्ध होते. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर पाण्याचे ज्ञान खरे. बहुतेक ऑनलाइन विक्रेते नकळत मीमांसकांच्या बाजूचे असतात: तक्रार आली नाही, म्हणजे अनुवाद ठीक आहे. पण ज्या परदेशी वाचकाला मजकूर खटकतो तो तक्रार लिहीत बसत नाही, पान बंद करून दुसऱ्या दुकानात जातो. बाधक पुढे येण्याची वाटच नसताना बाधक आले नाही याला पुरावा म्हणता येत नाही. परत आलेला माल, गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले तेच प्रश्न, त्या देशातल्या एखाद्या सामान्य खरेदीदाराला पैसे देऊन करवून घेतलेले वाचन, यांतून नैयायिकांची कसोटी लावता येते. औषध, बाळाचे अन्न किंवा विजेचे उपकरण असेल तर तीही पुरत नाही, कारण तिथे कृती फसण्याची वाट पाहणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाची परीक्षा घेणे.

वात्स्यायनाने दयेला आप्ताच्या लक्षणात का बसवले ते इथे कळते. अनुवादकाचा करार विक्रेत्याशी असतो. ज्याच्यावर परिणाम होतो तो वाचक करारात कुठेही नसतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले मूल, उपकरण पहिल्यांदा जोडणारी म्हातारी, कर्जाच्या अटींवर सही करणारा कामगार, यांनी अनुवादकाला नेमलेले नसते आणि त्यांना त्याचे नावही कळत नाही. त्यांच्याविषयी कळवळा नसेल तर ज्ञान आणि प्रामाणिकपणा दोन्ही असूनही अनुवादक ‘मुळात होते तेच लिहिले’ म्हणून मोकळा होतो. मुळातली चूक दिसताच काम थांबवून कळवणारा अनुवादक विक्रेत्याला त्रासदायक वाटतो. खरे तर तोच नेमण्याजोगा असतो, आणि त्याला पुन्हा काम देणे ही या व्यवहारातली सर्वांत सोपी नीती आहे.

यंत्राचा विचारही याच चौकटीत करावा लागतो. २०१६ नंतर न्यूरल पद्धतीच्या यंत्रांनी अनुवादाची गुणवत्ता झपाट्याने वाढवली. भारतीय भाषांसाठी २०२२ मध्ये सरकारने ‘भाषिणी’ सुरू केली. यंत्राला सांगण्याची इच्छाही नाही आणि दयाही नाही, मग त्याचे वाक्य ऐकून होणारे ज्ञान कोणत्या आधारावर उभे असते? नव्यनैयायिकांनी हा प्रश्न पोपटाच्या निमित्ताने सोडवला आहे. पोपटाचे वाक्य ऐकूनही अर्थबोध होतो, पण पोपटाला तात्पर्य नसते. विश्वनाथ न्यायपंचाननाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त उत्तर असे: वाक्य खरे असेल तर त्यामागे ईश्वराचे तात्पर्य मानावे, ते वस्तुस्थितीशी विसंगत असेल तर पढवणाऱ्याचे. या उत्तराचा पहिला भाग श्रद्धेचा आहे. दुसरा भाग व्यवहारात थोडा वळवून लागू पडतो: यंत्राच्या चुकीच्या वाक्यामागे कोणाचे तात्पर्य शोधायचे, तर ज्याने ते गिऱ्हाइकापुढे ठेवले त्याचे. दोन यंत्रांनी सारखाच अनुवाद दिला म्हणून खात्रीही वाढत नाही, कारण दोन्ही इंटरनेटवरच्या बऱ्याचशा त्याच मजकुरावर पढवलेली असतात. ते वेगळ्या खोल्यांत बसलेले पंडित नव्हेत. यंत्राचा मजकूर माणसाने पूर्णपणे तपासून दुरुस्त करण्याच्या कामासाठी २०१७ पासून आयएसओ १८५८७ हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्यात दुरुस्ती करणाऱ्याची पात्रता अनुवादकाइतकीच धरली आहे. गिऱ्हाइकांचे अभिप्राय, अंतर्गत पत्रव्यवहार, कोणते पान माणसाकडे द्यायचे हे ठरवण्यापुरता आढावा, यांसाठी तपासणीविना यंत्र चालते. लेबल, करार, परताव्याच्या अटी आणि सुरक्षेच्या सूचना यांच्याखाली मात्र अशा माणसाचे नाव असावे लागते, ज्याला त्या मजकुराबद्दल विचारता येईल आणि जो उत्तर देण्यास बांधलेला असेल.